टाचणीमुक्त गोधडी

गोधडी शिवण्याच्या कामातील सर्वांत अवघड भाग शिवण्याचा नसून शिवण्यापूर्वीचा असतो, ही गोष्ट गोधडी पांघरणाऱ्यांच्या कधी लक्षात येत नाही आणि शिवणाऱ्यांना ती सांगत बसायला सवड नसते. खाली एक जुने लुगडे, वर दुसरे जुने लुगडे आणि त्या दोहोंच्या पोटात घरातील ज्या ज्या वस्त्राने इहलोकीची यात्रा संपविली असेल ते सर्व, म्हणजे विरलेली धोतरे, विटलेले परकर, आखूड झालेले शाळेचे गणवेश आणि कर्त्या पुरुषाने ‘अजून वर्षभर चालेल’ असे म्हणत चिंध्यांच्या गाठोड्यातून दोनदा परत आणलेला सदरा, अशी गोधडीची साधारण रचना असते. हे थर अंथरल्यापासून शिवून होईपर्यंत त्यांनी एकमेकांवरून सरकू नये, एवढेच त्यांच्याकडून मागणे असते. परंतु थर सरकतात, आणि ते नेमके मधोमध सरकतात, जेथे हात पोहोचत नाही व जेथे पोहोचण्यासाठी गोधडीवर गुडघे टेकले असता उरलेलेही सरकतात.

थर जागच्या जागी राहावेत यासाठी वाशीम, रिसोड, मालेगाव या बाजूच्या खेड्यांत चालत आलेली रीत वजनावर आधारलेली आहे. अंगणात किंवा ओसरीवर लुगडे ताणून अंथरले की एका कोपऱ्यावर पाटा, दुसऱ्यावर वरवंटा आणि तिसऱ्यावर जात्याची पाळ ठेवली जाते, आणि चौथ्या कोपऱ्यापुरती जड वस्तू घरात शिल्लक नसल्यामुळे तेथे आजोबांना बसविण्यात येते. त्यांनी काही करावे अशी कोणाची इच्छा नसते. त्यांनी केवळ हलू नये, एवढ्यावर साऱ्या रचनेची भिस्त असते, आणि आयुष्यभर घर तोलून धरल्याचा दावा करणाऱ्या गृहस्थाला तो दावा या प्रसंगी प्रत्यक्ष सिद्ध करावा लागतो.

“उठू काय वं आता?”

“बसा ना जी. हातभरच राह्यलं.”

हे हातभर संपेपर्यंत उन्हे ओसरीवरून उतरून जातात आणि आजोबा उठले की कोपराही त्यांच्या धोतराबरोबर उठतो. म्हणून वजनाच्या जोडीला कच्चा टाका घालण्याची पद्धत आहे. कच्चा टाका म्हणजे थर तात्पुरते धरून ठेवण्यासाठी लांब लांब अंतरावर घातलेला सैल टाका, जो पक्का धावदोरा घालून झाल्यावर काढून टाकावयाचा असतो. तो काढून टाकावयाचा असतो याबाबत सर्वांचे एकमत आहे, परंतु तो कोणी काढायचा याबाबत नाही, आणि त्यामुळे दोन पिढ्यांनंतरही नातवंडांच्या पायाचा अंगठा रात्री नेमका त्याच टाक्यात अडकतो.

या विषयावर लिहिणारे बहुधा गोधडीखाली झोपणाऱ्यांपैकी असतात, शिवणाऱ्यांपैकी नसतात, आणि प्रस्तुत लेखकही त्याच वर्गात मोडतो, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. सुईत दोरा ओवून देण्यापलीकडे त्याचा या कलेशी संबंध आलेला नाही, आणि त्याच्या हातून दोरा ओवला जाण्यापेक्षा ओला होण्याचेच प्रमाण अधिक असल्याचा घरातील जाणकारांचा निष्कर्ष आहे. मात्र स्वतः न केलेल्या कामाविषयी सविस्तर मत देण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे, आणि तिचा लाभ घेण्यास हरकत नसावी.

पूर्वी वजन आणि कच्चा टाका एवढ्यावर भागत असे, याचे खरे कारण कौशल्यात नसून कापडात होते. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले सुती लुगडे दुसऱ्या सुती लुगड्याला धरून राहते, कारण सुताला बारीक लव सुटते आणि ती लव एकमेकींत गुंतते. वऱ्हाडाची ओळख कापसाने होती तोवर कपाटातही कापूस होता. आता वाशीम जिल्ह्याच्या शेतात सोयाबीन आणि कपाटात पॉलिएस्टर, अशी विभागणी झाली आहे. लग्नाकार्यात आहेर म्हणून मिळालेल्या गुळगुळीत साड्या कोणी नेसत नाही, कोणाला देताही येत नाहीत, कारण ज्यांना द्याव्यात त्यांच्याकडूनच त्या आलेल्या असतात, आणि अखेरीस त्यांची रवानगी गोधडीत होते. अशी एक साडी दुसरीवर अंथरली असता तिला स्थिर कसे करावे हा प्रश्न पाटा-वरवंट्याच्या आवाक्याबाहेरचा ठरतो. चारही कोपरे पक्के असतात आणि मधला भाग ओसरीवरून अंगणाकडे निघालेला असतो.

येथे टाचणीचा प्रवेश होतो, आणि प्रवेशाइतकेच तिचे निर्गमनही महत्त्वाचे आहे. ॲडम स्मिथ याने 1776 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण दिले असून, सुमारे अठरा क्रियांत काम वाटून घेतल्यास दहा माणसे दिवसाला 48,000 टाचण्या तयार करतात असे म्हटले आहे. त्यावरून त्याने श्रमविभागणीचा मोठा सिद्धांत मांडला. परंतु इतक्या टाचण्या तयार होऊनही ऐन वेळी घरात एकही का सापडत नाही, या प्रश्नाला अर्थशास्त्राने अद्याप हात घातलेला नाही. टाचणी बोटाला टोचते म्हणून तिच्या जागी सेफ्टी पिन आली, तरी या स्थितीत फरक पडला नाही. ही पिन वॉल्टर हंट या अमेरिकी कारागिराने पंधरा डॉलरांचे देणे फेडण्याच्या विवंचनेत शोधून काढली आणि 1849 साली तिचे हक्क 400 डॉलरांना विकून टाकले, म्हणजे पिन हाती न राहण्याची परंपरा खुद्द तिच्या जनकापासूनच सुरू झालेली दिसते.

वाशीमच्या बाजारातून आणलेल्या पिनांच्या पुडक्याचे पुढे काय होते याचा माग काढणे कठीण नाही. पहिली पिन मंगळसूत्रात किंवा बांगडीत अडकविली जाते, कारण लग्नमंडपात ‘पिन आहे का वो?’ असे विचारणाऱ्या स्त्रीला नकार देणे हा अपमान समजला जातो. त्यानंतर एकीने पायातला बाभळीचा काटा निघतो, एकीने तुटलेल्या चपलेचा पट्टा सांधला जातो, एकीच्या साहाय्याने पायजम्यात नाडी घातली जाते आणि ती पिन नाडीबरोबर पायजम्यातच निवृत्त होते.

“पिना कुठी गेल्या वं साऱ्या?”

“एक बाबांच्या चपलेले लावली, दोन नाड्याले नेल्या.”

“अन् बाकीच्या?”

“बाकीच्या गोधडीतच असतीन.”

हे शेवटचे उत्तर सर्वांत चिंताजनक असते, कारण ते बहुधा खरे असते. थरांच्या पोटात राहून गेलेली टाचणी दिवसा हाताला लागत नाही. ती रात्री लागते, आणि घरच्या माणसाला न लागता पाहुण्याला लागते. सकाळी चहाच्या वेळी ‘पाहुणे, झोप लागली ना?’ असे यजमानाने आस्थेने विचारावे, आणि ‘झोप पण लागली अन् टाचणी पण लागली’ असे उत्तर यावे, असे प्रसंग घडू लागल्यावर गोधडीच्या क्षेत्रात पर्यायांचा शोध सुरू होणे अपरिहार्य होते.

तो पर्याय सातासमुद्रापलीकडून आला. अमेरिकेतील गोधडीकार स्त्रियांपैकी काहींनी टाचण्या सोडून शाळकरी मुलांच्या हस्तकलेसाठी विकला जाणारा पांढरा डिंक वापरण्यास सुरुवात केली. हा डिंक पाण्याने धुऊन निघतो, हेच त्याचे वैशिष्ट्य आहे. थरांमध्ये त्याचे बारीक ठिपके किंवा केसासारख्या रेषा सोडावयाच्या, वरून गरम इस्त्री फिरवून तो वाळवावयाचा, थर एकजीव झाले की निवांत शिवावयाचे आणि शेवटी गोधडी धुतली की डिंक पाण्याबरोबर निघून जातो व टाके तेवढे राहतात. पॉलिव्हिनिल ॲसिटेट या नावाचे जे रसायन अशा पांढऱ्या डिंकांच्या घराण्याचा मूळपुरुष मानले जाते, ते जर्मनीतील फ्रिट्झ क्लाटे याने 1912 साली शोधले. अमेरिकेत या कामी वापरल्या जाणाऱ्या प्रसिद्ध डिंकाचे नाव एल्मर असे असून, एल्मर हा एका दूधकंपनीच्या जाहिरातीतील एल्सी नावाच्या गाईचा नवरा होय. कंपनीने 1947 साली डिंक बाजारात आणला आणि 1951 साली त्याला या बैलाचे नाव दिले. आपल्याकडे 1959 साली आलेल्या फेव्हिकॉलच्या डब्यावर दोन हत्ती विरुद्ध दिशांना जोर लावताना दिसतात. डिंक आणि जनावरे यांचा हा संबंध केवळ चित्रापुरता नाही, याचा प्रत्यय वाशीम जिल्ह्यात पुढे यावयाचा होता.

मोबाइलवरील चित्रफितीतून ही विद्या ओसरीवर पोहोचल्यावर पहिली अडचण दुकानात आली. चिकटणारी वस्तू मागण्याची दुकानदारांना सवय असते. निघणारी वस्तू कोणी मागितली की ते गिऱ्हाइकाकडे काळजीने पाहतात.

“धुतल्यावर निघून जाईल असा डिंक द्या.”

“निघणारा डिंक कोण ठेवते ताई? आपल्याकडचा नाईच निघत. गॅरंटी आहे.”

ही हमी ऐकून काही घरांत सुतारकामाचा पांढरा डिंक आणला गेला, आणि दुकानदाराचा शब्द तंतोतंत खरा ठरला. तो डिंक लाकडासाठी केलेला असतो; वाळल्यावर त्याचा कडक पापुद्रा होतो आणि तो पाण्याला सहसा दाद देत नाही. अशा डिंकाने जोडलेल्या गोधडीत सुई शिरत नाही, दाभण म्हणजे पोती शिवण्याची जाड सुई घातली तर ती वाकते, आणि हातोडीचा विचार करण्यापूर्वी घरातील कोणीतरी कामाला आवर घालते. अशी गोधडी अंथरता येत नसली तरी भिंतीला टेकवून उभी करता येते. गोठ्याला दार नसल्यास तिचा उपयोग आहे.

यानंतर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी जो पर्याय सुचविला तो तेथे मुळातच उपलब्ध होता. खळ, म्हणजे पिठात पाणी घालून शिजविलेला चिकट लगदा, ही काही नवी वस्तू नाही. पतंग, वह्यांची वेष्टणे आणि एसटी स्थानकाच्या भिंतीवरील निवडणुकीचे कागद तिच्याच जोरावर उभे असतात. गोधड्या शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा, आणि उन्हाळा हाच वाळवणाचाही हंगाम. त्यामुळे ज्या अंगणात गोधडी अंथरलेली असते त्याच अंगणात कुरडयांचा चीक शिजत असतो. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून जो पांढरा सत्त्वांश खाली बसतो तो शिजविला की चीक होतो, आणि रसायनाच्या भाषेत बोलावयाचे तर तो गव्हाच्या स्टार्चचा अत्यंत शुद्ध डिंकच असतो. थोडा चीक पातळ करून थरांमध्ये लावावा, वैशाखाच्या उन्हात इस्त्रीचीही गरज नाही आणि शिवून झाल्यावर धुऊन टाकावा, ही योजना कागदावर निर्दोष होती.

तिच्यात पहिली त्रुटी आढळली ती अशी की गरम चीक तेल-तिखट किंवा साखर घालून फार चांगला लागतो.

“गोधडीले ठेवलेला चीक कुठी आहे?”

“पोट्ट्यायनं खाल्ला.”

“साराच?”

“बाबांनी पण घेतला थोडासा.”

दुसऱ्या वेळी आंबूस वासाचा शिळा चीक मुद्दाम बाजूला ठेवून तो लावण्यात आला, आणि त्यातून एक शास्त्रीय सत्य हाती आले. स्टार्च सुताला उत्तम धरतो, कारण दोघेही वनस्पतीच्या कुळातले. पॉलिएस्टरशी मात्र त्याचे जमत नाही, आणि वाळला की त्याची पपडी सुटून येते. परिणामी जे सुती थर डिंकाशिवायही जागेवर राहिले असते ते घट्ट चिकटले आणि ज्या आहेराच्या साड्यांसाठी हा सगळा खटाटोप केला त्या पूर्वीप्रमाणेच अंगणाकडे निघाल्या. हे वर्तन केवळ साड्यांपुरते मर्यादित नाही, असे एकत्र कुटुंबांचा अनुभव असलेल्यांचे मत आहे.

नंतर मुंग्या आल्या. त्यांच्यापाठोपाठ शेळी आली. भिंतीवरील जाहिरातीचे कागद गुरे का चाटतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना शेळीचा हेतू सांगण्याची गरज नाही. तिने गोधडीचा एक कोपरा आधी चाटला, मग चावला आणि शेवटी तो चौथ्या कोपऱ्यावरील आजोबांसकट आपल्या दिशेने ओढण्याचा प्रयत्न केला. आजोबांनी ‘हाट, हाट’ म्हणत जागा सोडली नाही, परंतु कोपऱ्याने सोडली. यावर उपाय म्हणून पुस्तकबांधणीच्या कामातील एका जाणत्याने मोरचुदाची शिफारस केली. मोरचूद म्हणजे तांब्याचा निळा विषारी क्षार. बांधणी करणारे कारागीर खळीत तो चिमूटभर घालतात, म्हणजे पुस्तकाला कीड लागत नाही. या शिफारशीचा निकाल एका वाक्यात लागला. “नातवाले विषावर निजवता काय?” असे आजीने विचारले आणि शास्त्र तेथे थांबले.

पाण्याने सुटणाऱ्या डिंकाची ख्याती वाशीमला नवी नाही, हे येथे विषयांतर पत्करून सांगावेसे वाटते. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती, आणि याच शाखेतील हरिषेण राजाच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, अजिंठ्याच्या लेण्यांचे मोठे काम झाले. त्याचा मंत्री वराहदेव याने तेथील सोळावे लेणे कोरविले. तेथील चित्रे मातीत भुसा व वनस्पतींचे तंतू कालवून केलेल्या गिलाव्यावर, डिंकासारख्या बंधकात मिसळलेल्या रंगांनी, कोरड्या भिंतीवर काढलेली असल्यामुळे पाण्याची त्यांना भीती असते. तरीही दीड हजार वर्षे ती टिकून आहेत, आणि याचे बरेचसे श्रेय लेणी डोंगरात असून अंगणात नाहीत, या वस्तुस्थितीला दिले पाहिजे. अंगणात अंथरलेल्या गोधडीला हे भाग्य नसते. डिंक कडकडीत वाळला, सुई हाती घेतली आणि आभाळ भरून आले, की अवकाळी पावसाची एक सर पुरते. डिंक धुऊन निघतो हा त्याचा गुण टाके घालण्यापूर्वीच सिद्ध होतो.

याउलट डिंक खरोखर धुवावयाचा असतो तेव्हा पाणी नसते. मे महिन्यात शिवून झालेली गोधडी लगेच धुवावी हे बरोबर आहे, परंतु ज्या गावात पाण्याच्या टँकरसमोर घागरींची रांग लागलेली असते तेथे नवी, म्हणजे अजून एकदाही मळलेली नसलेली गोधडी धुवावयास काढणाऱ्या सुनेविषयी शेजारणी काय बोलतील याचा अंदाज करता येतो. म्हणून ती तशीच घडी करून ठेवली जाते आणि नवरात्रापूर्वी घरातील सगळी अंथरुणे-पांघरुणे धुण्याची जी रीत आहे तिच्यापर्यंत थांबते. मधल्या पावसाळ्यात स्टार्चवर बुरशी धरते, कसर लागते आणि घटस्थापनेच्या आधी घडी उलगडली असता तिच्यातून जो वास येतो त्यावर घरात दोन तट पडतात. एकाच्या मते तो उंदराचा असतो आणि दुसऱ्याच्या मते कुरडयांचा.

टाचणीवाल्या आणि डिंकवाल्या या दोन्ही पक्षांनी एका गोष्टीकडे लक्ष दिलेले नाही. शेजारच्या कर्नाटकातील हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंद’ नावाची गोधडी शिवतात आणि तीत टाचणी, डिंक व आजोबा यांपैकी कशाचाही उपयोग करीत नाहीत. त्या एका कडेपासून सुरुवात करतात, कापडाचा तुकडा दुमडून जागेवर ठेवतात, लागलीच शिवतात, मग पुढचा ठेवतात आणि असे कडेने फिरत फिरत मधोमध येऊन पोहोचतात. जेथे पोहोचल्या तेथपर्यंत शिवलेले असते आणि जे शिवलेले असते ते सरकत नाही. ही पद्धत अत्यंत सोपी असल्यामुळे तिचा प्रसार होण्याची शक्यता कमी वाटते. तिच्यात विकत आणावयाचे काही नाही, मोबाइलवर दाखवावयाचे फारसे नाही आणि कोणाला सल्ला देण्यास जागा नाही.

एकंदरीत पाहता, थर सुती असतील तर डिंकाची गरज नाही आणि पॉलिएस्टरचे असतील तर चिकाचा उपयोग नाही. मिश्र कापडात, म्हणजे प्रत्यक्षात बहुतेक गोधड्यांत, पातळ खळ आणि सैल कच्चा टाका यांची जोडी टाचण्यांपेक्षा सरस ठरते, निदान पाहुण्यांच्या दृष्टीने. ज्यांना हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनी खळ ताकासारखी पातळ ठेवावी, ती ओंजळीने न ओतता काडीने ठिपके देत लावावी, पूर्ण वाळल्यावरच सुई घालावी, सुतारकामाच्या डिंकाला हात लावू नये, शिवणे संपताच गोधडी कोमट पाण्यात तासभर भिजवून दोनदा धुवावी, कच्चा टाका त्याच दिवशी स्वतः काढावा आणि हे सर्व पूर्ण होईपर्यंत शेळी दाव्याला बांधून ठेवावी.